खिशातला गजरा

परमिट रूमच्या दारात आज माझ्यासमोर एका माणसानं मोगऱ्याचा गजरा घेतला. "कळ्याच आहेत दादा, घरी जाईस्तोवर उमलतील," गजरेवाली म्हणाली. त्यानं पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि तो आत गेला.

आमचे हेही असेच गजरा आणायचे. एका रात्री अंगानं साथ दिली नाही, तेव्हापासून घरी येण्याआधी दोन पेग घ्यायला लागले. "जरा धीर येतो गं," म्हणायचे. दोनाचे चार झाले. घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला वाटायचं, मीच नकोशी झालेय. मी विचारलं नाही, ते बोलले नाहीत. पुढे साखर तपासायला गेलो, तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, रोजची दारू पुरुषाची ती ताकदही घालवते. हे खाली मान घालून बसले. तोवर आमची अंथरुणं वेगळ्या खोल्यांत गेली होती.

सकाळी शर्ट धुवायला घेतला की खिशात गजरा सापडायचा, रात्रीतून उमलून कोमेजलेला. शिळी फुलं देवालाही वाहता येत नाहीत.

त्या माणसाला हाक मारावीशी वाटली. म्हणावं, बाबा, धीर नसला तरी चालेल, आधी घरी जा.