आपा फोनला हात लावत नसत

नसरीन आपा शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. कुणाचा फोन अडकला, चुकून भलतंच काही उघडलं, तरी त्या त्याला बोट लावत नसत. क्रांती चौकामागच्या गल्लीत, त्यांच्या घरी, आम्ही काही उतारवयातल्या बायका स्मार्टफोन शिकायला जायचो. मी सगळ्यांत भित्री. काही चुकलं की डोळेच मिटून घ्यायचे. आपा कधी ‘घाबरू नका’ म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, “भीती वाटती ना ताई? वाटू द्या. आता वाचा, काय लिहिलंय ते.”

एका दुपारी शिकवणीला निघतानाच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाचं, विनयचं, नाव त्यानं बरोबर घेतलं. विनयच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तो आमच्या ताब्यात आहे. फोन ठेवलात तर तो तुम्हाला परत दिसणार नाही, म्हणाला. त्याच्याच सांगण्यावरून मी दाराला आतून कडी घातली. त्यानं बँकेचं ॲप उघडायला सांगितलं, पण पिनचे आकडे पुन्हा पुन्हा चुकत होते.

मी आले नाही म्हणून आपा घरी पाहायला आल्या. दार उघडेना, तेव्हा खिडकीशी आल्या. माझा चेहरा आणि पडद्यावरची वर्दी पाहून त्यांना सगळं कळलं. मी गजांतून फोन त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. आत हात घालून माझं मनगट धरलं.

“खरे पोलीस फोनवर अटक करत नाय, ताई. लाल बटण कुठंय? तुम्ही दाबा.”

“कोण आहे तिथं?” तो माणूस ओरडला. “मुलगा हवाय की नको?”

विनयला मीच संपवतेय, असं वाटत होतं. तरी दाबलं.

आपांनी माझ्याकडून नंबर घेऊन स्वतःच्या फोनवरून विनयला फोन लावला. नुसता वाजत राहिला. ते वाजणं मला सोसवेना. शेवटी आवाज आला, “हॅलो, कोण? मीटिंगमध्ये आहे मी.”

पोलीस ठाण्यात तक्रार देऊन परतताना मी आपांना विचारलं, “तुम्हीच का नाही कापलात फोन?”

“मी कापला असता, तर माझी पाठ वळल्यावर तुम्ही पुन्हा उचलला असता. आई हाये तुम्ही.” मग रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाल्या, “मलाबी लई भीती वाटली. वाटलं, पोरगा खरंच धरलेला असला तर?”

पुढे दम्यानं बेजार होऊन आपा सिल्लोडला बहिणीकडे राहायला गेल्या. परवा सकाळी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. भीती वाटली. वाजू दिला, नंबर नीट पाहिला, मग उचलला. पलीकडून एक बाई रडत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “ताई, मी नसरीन आपांची बहीण. आपा गेल्या.”