दादाला न दिसलेला काळा बिबट्या

माझ्या दादाला काळा बिबट्या दिसलाच नव्हता.

आज मोहने गावात दादा गेल्यानंतरचा जलदान विधी झाला. माईकवर जो येत होता तो त्याच बिबट्याबद्दल बोलत होता. मी मान खाली घालून ऐकत होते.

दादा म्हणजे मानपाड्याचा व्हॅनकाका. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. माझी लेक रेवाही त्याच व्हॅनमध्ये असायची. पोरं उतरली की खिडकीतून ओरडायचा, "दोन्हीकडे बघून जा रे!"

दोन वर्षांपूर्वी मेच्या सुट्टीत आम्ही सगळे विदर्भातल्या एका अभयारण्यात गेलेलो. तिथे काळा बिबट्या आहे हे दादानेच कुठल्यातरी रीलवर बघितलेलं. म्हणाला, वाघ काय, सगळेच बघून येतात. आपण काळा बघायचा!

आणि दिसला की. दुसऱ्या दिवशी सकाळी, जिप्सीच्या डावीकडे, बांबूखाली. गाईडने बोट दाखवलं आणि आम्ही सगळे गार.

बिबट्या उठला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला, दिसेनासा झाला.

दादा अजून रिकाम्या बांबूकडेच बघत होता. "बसलाय बघ कसा ऐटीत!"

सगळे हसले. त्यांना वाटलं, मस्करी करतोय.

मी नाही हसले. मी त्याचे डोळे बघितलेले.

रूमवर गेल्यावर त्याला बाजूला घेतलं. आधी उडवाउडवी केली, मग बोलला.

"काचबिंदू आहे. वर्ष झालं. ड्रॉप्स घालतो ना. समोरचं दिसतं गं मला, बाजूचंच जरा जातं."

"आणि शीळफाट्याला बाजूने डंपर घुसला तर?"

"झालंय का आजपर्यंत काय?"

"मग व्हायची वाट बघायची का?"

तो चिडला. "व्हॅन सोडून करू काय मी? घरात बसून भाजी निवडू? कोणाला बोललीस तर तुला भाऊ नाही, समजून चाल."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. रेवा दप्तर घेऊन धावली, मी तिला जिन्यातच पकडलं.

आणि तशीच शाळेत जाऊन सांगून टाकलं.

दादाचं काम गेलं. मग व्हॅनही विकली. तो एका झेरॉक्सच्या दुकानात बसायला लागला.

माझ्याशी एक शब्द नाही. लग्नात, कार्यक्रमात समोरासमोर आलो तर वहिनीचा हात धरून माझ्या शेजारून निघून जायचा. मी मनाची समजूत घालायचे, बाजूचं दिसत नाही ना त्याला.

मागच्या आठवड्यात झोपेतच गेला. हार्ट अटॅक. घरी पोचले तेव्हा त्याच्याशी बोलायचं सगळं राहूनच गेलेलं.

काही नातेवाईक अजून म्हणतात, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला हिने. म्हणू देत. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करेन. व्हॅनमध्ये लोकांची पोरं होती.

पण त्रास झाला. खूप झाला. अजून होतोय.

आज शेवटी कॉलेजातली एक मुलगी माईकवर आली. शाळेत असताना त्याच्याच व्हॅनची. रडता रडता हसत म्हणाली, "काका झेरॉक्स काढताना सांगायचे, बिबट्याने त्यांच्याकडे बघून मान हलवलेली! आणि दर वेळी म्हणायचे, पण पहिला दिसला तो माझ्या बहिणीला. लय तेज नजर तिची. तिच्यापासून काय लपत नाय."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

दादा, हे कौतुक होतं की टोमणा? आता कोणाला विचारू रे मी?

बरं, ऐक. दोन वर्षं सांगायचं राहिलंय.

तो पूर्ण काळा नव्हता. उन्हात आला तेव्हा अंगावरचे ठिपके दिसले, काळ्यावर काळे. शेपूट चांगली लांब. उठला, आळस दिला, आणि आपल्यासमोरून आरामात रस्ता ओलांडून गेला. मान वगैरे काही हलवली नाही. आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.

एवढंच होतं. तुझा बिबट्या जास्त भारी होता.

जा आता. दोन्हीकडे बघून जा, दादा.

जयभीम.