देवरावचा रणगाडा आणि बोरीचा पूल

आमच्या दारव्ह्यात संघदीप बनसोडला कोण ओळखत नाही? गावातल्या निम्म्या लग्नांचे मांडव त्याने बांधलेत, आणि उरलेल्या निम्म्या लग्नांत तो दुसऱ्याच्या मांडवाला नावं ठेवत जेवलाय. त्याचं घर माझ्या घराला लागून. मधली भिंत इतकी पातळ की त्याने चहात साखर जास्त टाकली तरी मला कळतं. तेव्हा त्याच्या घरातलं सांगायचा हक्क माझ्याइतका कोणाचा नाही.

गेल्या पंधरा ऑगस्टला त्याने चौकात दहा फुटी फ्लेक्स लावला. वर त्याच्या आजोबांचं, देवरावचं, तोंड. घरात त्यांचा एकच फोटो, तोही कोणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला. फ्लेक्सवाल्या बबलूने तो फेट्यासकट उचलून रणगाड्यात उभ्या असलेल्या एका गोऱ्या सैनिकाच्या धडावर बसवला, आणि मिशी जरा वाढवून दिली. खाली लिहिलं, ‘दुसऱ्या महायुद्धातील शूर योद्धा’.

मी विचारलं, “संघदीप, आजोबांच्या मानेखाली ही छाती कोणाची?”

“बबलूनं फुकटात देली वहिनी,” तो म्हणाला. “तुमच्या पोटात काहून दुखते?”

पोटात माझ्या नाही, हरिसिंग हवालदाराच्या दुखलं. हरिसिंग फौजेतून निवृत्त झालेला, मोजून बोलणारा माणूस. त्याने फ्लेक्स खालून वर वाचला आणि झेंडावंदनाला जमलेल्या सगळ्यांसमोर संघदीपला शांतपणे विचारलं, युनिट कोणतं आणि नंबर काय. संघदीपला दोन्ही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्याने जिलेबीसुद्धा घेतली नाही, यावरून काय ते समजा.

खरं तर देवराव आम्हा जुन्या लोकांना रणगाड्यासाठी आठवत नाही, एसटीसाठी आठवतो. यवतमाळच्या गाडीत बसला की बोरीचा पूल येण्याआधी तो घंटीची दोरी ओढायचा, खाली उतरायचा, अडाण नदीवरचा तो पूल पायी पार करायचा आणि पलीकडे पुन्हा गाडीत चढायचा. कंडक्टर वैतागायचे, नवे कंडक्टर भांडायचे, पण हा उतरायचाच. मी शाळकरी असताना आम्ही पोरं खिडकीतून ओरडायचो, “फौजी, पूल आला.” तो हात वर करायचा. का उतरतोस, हे त्याने मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. त्याला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

हरिसिंगने पाणउतारा केल्यावर संघदीपने आजोबांचा शोध मनावर घेतला. नागपूरला दोनदा गेला, पुण्याला फोन केले. सगळीकडून एकच उत्तर, फौजेतला नंबर सांगा. नंबर कुठून आणणार? महिनाभर तो रोज संध्याकाळी मागच्या खोलीत आत्याजवळ बसून चहा पीत हीच रड गात होता.

ही आत्या म्हणजे रुखमाबाई, देवरावची थोरली मुलगी, वय चौऱ्याऐंशी. संघदीपचा बाप तिचा सावत्र भाऊ. नवरा गेल्यापासून ती संघदीपकडेच असते. ऐकू कमी येतं असं सगळे म्हणतात, पण मी भिंतीपलीकडे कुजबुजले तरी तिला ऐकू जातं. तिने महिनाभर त्याची रड ऐकली आणि एके दिवशी म्हणाली, “ऊठ.”

तो ज्या पेटीवर बसून चहा पीत होता ती तिने भिंतीपासून फिरवायला लावली. जुनी लोखंडी पेटी, तुरीची डाळ ठेवायची. भिंतीकडच्या बाजूला, चुन्याच्या पोपड्याखाली, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आजोबांना शोधायला नागपूर पालथं घालणारा माणूस जन्मभर आजोबांच्या नंबरावर बसून चहा पीत होता. हे मी पहिल्या आठवड्यातच अर्ध्या गावाला सांगितलं.

पण नंबर उतरवून घ्यायला त्याने कागद काढला, तसा आत्याने पदर त्या आकड्यांवर धरला.

“नंबर घे,” ती म्हणाली. “पण मले एक सांगजो. माय मेली तवा मास्तरनं त्याले पत्र धाडलं होतं. ते त्याले भेटलं का नाही? भेटलं असन, तर आला काहून नाही?”

ही गोष्ट आमच्या गल्लीला अर्धीमुर्धी ठाऊक होती. देवराव लढाईवर असताना त्याची पहिली बायको तापाने गेली. रुखमा तेव्हा तीन वर्षांची. बाप त्यानंतर दोन वर्षांनी परतला, तेव्हा ती बुटांच्या आवाजाला भिऊन दाराआड लपली. पुढे त्याच घरात वाढली, त्याला भाकरी वाढली, म्हातारपणी त्याचं दुखणं काढलं, पण बाबा अशी हाक कधी मारली नाही. गावासारखंच फौजी म्हणायची. पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवलं तेही तिनेच.

संघदीपने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र पदकं होती.

कागद आले ते यंदाच्या संक्रांतीनंतर. जुन्या इंग्रजी हस्ताक्षराची झेरॉक्स. तहसीलबाहेर अर्ज लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली, तलाठ्याचं अक्षर वाचते म्हणजे कोणाचंही वाचते. म्हणून वाचायला मला बोलावलं, आणि मी दूध गॅसवर ठेवून तशीच गेले. ते उतू गेलं, तो विषय वेगळा.

हुद्दा सॅपर. काम सुतार. फौजेची पूल आणि रस्ते बांधणारी कंपनी. बर्मेच्या बाजूला तीन वर्षं. संघदीपने विचारलं, गोळी किती झाडली ते लिहिलंय का. मी म्हटलं, खिळे किती ठोकले तेही लिहिलेलं नाही. तोंड एवढंसं झालं बिचाऱ्याचं. चौकात रणगाडा अजून उभाच होता.

मग मी रजेच्या रकान्यावर आले आणि थांबले. माझ्यासारखी बाई थांबते म्हणजे काहीतरी आहे, हे आत्याला कळलंच.

“वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं. जुलै १९४४. पत्नीच्या निधनामुळे अठ्ठावीस दिवसांची रजा मंजूर.

आत्याने पदराने पेटीवरची नसलेली धूळ पुसली. मग म्हणाली, “म्हणजे पत्र भेटलं. सुट्टी बी भेटली.” आणि उठून चुलीकडे जायला निघाली.

संघदीपने कागद माझ्या हातातून घेतला, उलटला आणि म्हणाला, “वहिनी, मांगं बी काही आहे.”

मागे दुसऱ्याच अक्षरात चार ओळी होत्या. पुरात वाटेतला पूल वाहून गेला. रजेवर निघालेली माणसं नदीच्या अलीकडे अडकली. तिथेच नव्या पुलाच्या कामाला लावली. पूल तेविसाव्या दिवशी खुला. रजा संपत आल्याने सॅपर देवराव कंपनीत परत हजर.

आत्या दारातच उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, तिथून घरी यायला किती दिवस लागायचे. मी अंदाजाने सांगितलं, आगगाड्या बदलत आठवडा तरी. ती बोटांवर मोजायला लागली. तेवीस झाले, उरले पाच. दोनदा मोजलं.

“म्हणजे निंघाला होता,” ती म्हणाली.

संघदीप म्हणाला, “हो आत्या. निंघाला होता.”

ती येऊन पेटीवर टेकली. चहा मीच केला. संघदीप साखर किती खातो ते ठाऊक असल्याने विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने संघदीपला हुकूम सोडला, चौकातला तो रणगाडा उतरव आणि पूल लाव. बबलूकडे बर्मेचा पूल नव्हता. त्याने एक परदेशी पूल दाखवला, लाल, भलामोठा. आत्याने तो बघताच नाकारला. शेवटी बोरीच्या पुलाचा फोटो काढायचं ठरलं. आम्ही तिघं यवतमाळच्या जीपमध्ये बसलो. पुलाआधी आत्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर काठी टेकवली. मागच्या बाकावरचे कुरकुरले, ड्रायव्हर पुटपुटला, तरी ती उतरली. संघदीप हात धरायला धावला, तो तिने झटकला. काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत, तिने आख्खा पूल पार केला. मी जीपमधूनच ओरडणार होते, “फौजी, पूल आला.” नाही ओरडले.

फोटोत ती आलीच, पाठमोरी. बबलू म्हणाला, पुसून टाकतो. संघदीप म्हणाला, राहू दे.

नवा फ्लेक्स प्रजासत्ताक दिनाला लागला. हरिसिंग हवालदाराने तो खालून वर वाचला, कोपऱ्यातला नंबर वाचला, आणि जिलेबीचा पुडा संघदीपच्या हातात दिला. वर फेट्यातले देवराव, यावेळी मिशी त्यांचीच. खाली काय लिहायचं, हे बबलूने आत्याला विचारलं होतं. शूर, योद्धा वगैरे शब्द त्याच्याकडे तयार होते.

“बाबा लिही,” ती म्हणाली. “तेवढंच पुरे.”