ग्रीस

अंबडच्या गॅरेजात मागच्या चाकांचे ब्रेक शू बदलून आठवडाच झाला होता. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. मी तडक तिथं गेलो आणि गिऱ्हाइकांदेखत म्हाताऱ्या मेकॅनिकचाचांना नको ते बोललो.

त्यांनी मुकाट्यानं एका मागच्या चाकाचा ड्रम काढला. आतले शू ग्रीसनं माखलेले होते, त्या चाकाला ब्रेक धरणार कसा?

"हे मी लावलं न्हाई. कुणी खोललं होतं का?"

मीच खोललं होतं. आवाज येतो म्हणून रविवारी घरी त्याच चाकाचा ड्रम उघडून मीच आत ग्रीस चोपडलं होतं. मी नजर चुकवली. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आतलं सील गेलं असंल, त्यातनं ग्रीस गळलं. होतं कधी कधी."

मी नुसती मान डोलावली. खरं सांगायची हिंमत झाली नाही, त्याची लाज अजून वाटते.