दोन पिलं, एक रंग

पालींनी घरात येऊ नये म्हणून भिंतीला मोरपीस लावणारी मी. माझ्याच मुलीने एक दिवस काचेच्या पेटीतून पालींची जोडी आणली, तीही विकत. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, जाड शेपूट आणि उघडझाप करणाऱ्या पापण्या. या पाली भिंतीवर चढत नाहीत याची खात्री होईपर्यंत मी त्या खोलीत झाडूसुद्धा मारला नाही. पुढे त्यांच्या खाण्याच्या अळ्यांना गव्हाचा कोंडा घालायचं काम मात्र माझ्याच गळ्यात पडलं.

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या जोडीला दोन पिलं झाली आणि वाद सुरू झाला. या लेपर्ड गेकोंचे रंग ओळखायचा मुलीला भारी नाद. ती पिलू सकाळच्या उजेडात खिडकीशी नेते, आधी डोळे बघते, मग पट्टे. गारठ्यात रंग काळवंडतो, कात टाकण्याआधी फिकटतो, म्हणून एकदा बघून ती कधीच निकाल देत नाही. दोनपैकी एक पिलू साधं, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं. दुसऱ्याच्या अंगावर पिवळा औषधालाही नव्हता, नुसते पांढरे आणि काळे पट्टे. "हे स्नो," तिने रंगाचं नाव जाहीर केलं.

"कसलं स्नो? चांगलं पिवळंधमक आहे," हे म्हणाले.

हे म्हणजे माझे यजमान. ह्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, बॉयलरवर झाली. भट्टीच्या झरोक्यातून ज्योतीचा रंग बघायचा आणि जाळ नीट लागलाय का ते सांगायचं. त्यामुळे रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द ह्यांचा. मुलगीही ह्यांचीच, खाण तशी माती. चहा गार होईस्तोवर बापलेक भांडायचे आणि मला फुकटची करमणूक व्हायची.

एका रविवारी तिने दोन्ही पिलं ह्यांच्या तळहातावर ठेवली. "बाबा, यातलं पांढऱ्या पट्ट्यांचं कुठलं, तेवढं दाखवा."

ह्यांनी हात जवळ घेतला, लांब धरला, ट्यूब लावायला सांगितली. मग म्हणाले, "दोन्ही सारखीच आहेत. चेष्टा करतेस का बापाची?"

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. धुतलेला सदरा पिवळट राहतो म्हणून हे महिनोन् महिने माझ्यावर कुरकुरत होते, आणि मी वेडी साबण बदलत होते. अंधार पडल्यावर हल्ली स्कूटरही बाहेर काढत नव्हते. मला एकदम भीती वाटली. जन्मभर डोळ्यांवर पोट भरलेल्या माणसाचे डोळे जात होते आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

"अहो, डोळे दाखवून येऊ या."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

झालं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पेटीपाशी उभे राहून मला हाक मारली. "यातलं वेगळं कुठलं गं?" मी काचेवर बोट ठेवलं. हे खूप वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "मला खरंच नाही दिसत."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एकाच डोळ्याच्या ऑपरेशनला कसेबसे तयार झाले. दुसऱ्याचं नावही काढू द्यायचे नाहीत.

डोळ्यावरची पट्टी निघाली तशी स्वारी घरी येऊन थेट पेटीशी. एक डोळा झाकला, मग दुसरा. "ह्याने पांढरं दिसतंय. ह्याने पिवळं." मुलगी हसायला लागली. हे पुन्हा वाकले. "पण पोरी, कडेने जरासा पिवळा येतोय हं." तिने पिलू खिडकीशी नेलं, निरखलं आणि मान्य केलं. स्नो मोठं होताना थोडं पिवळं पडतंच, आणि त्या दिवशी ते तिच्याआधी ह्यांना दिसलं होतं.

खुशीत मागे वळले ते माझ्याकडे बघतच राहिले.

"अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"झाली बरीच वर्षं."

ह्यांनी नवा डोळा झाकला, जुन्याने मला बघितलं. मग हात काढला, आणि मी लाजून आत जायला निघाले तशी मागून म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाक."