साहेबांची बाटली आणि कोथिंबिरीच्या वड्या

परगावी चार मराठी घरं जवळ आली की पाचवं बिऱ्हाड किश्श्यांचं असतं! आमच्या कलकत्त्याच्या किश्श्यांत सगळ्यात जास्त गर्दी एका बाटलीभोवती आहे. ऐकणारे दरवेळी डोळे विस्फारतात, "तुम्ही? आणि वाईन?"

हो, मीच!

सत्तर सालानंतरची गोष्ट. ह्यांच्या ऑफिसचे बडे साहेब इंग्रज. पुण्याच्या शाखेत एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर कुलकर्णी, देशमुख आणि आमचे हे अशा तिघांचा डोळा. माझी आई पुण्यात एकटी, त्यामुळे माझे तर दोन्ही डोळे! साहेबांनी जाहीर केलं, "मी तिघांच्याही घरी जेवायला येणार. वाईन माझी, जेवण तुमचं."

आम्ही राहायचो त्या बालीगंज भागातल्या तिन्ही स्वयंपाकघरांत हाहाकार!

* * *

पहिला नंबर कुलकर्णीवहिनींचा. त्यांनी दही टांगून श्रीखंड केलं. साहेबांनी वाटी चाटूनपुसून संपवली, वर पांढऱ्या वाईनचा घोट घेतला आणि कच्ची कैरी चावल्यासारखा चेहरा केला! "ही वाईन अजिबात गोड नसते हो, गोडावर नुसती आंबट लागते," एवढं म्हणून अर्धी बाटली तिथेच ठेवून गेले.

वहिनी हादरल्या. "घरात देव आहेत, मी ही ठेवू कुठे?"

दुसऱ्या दिवशी पालकाच्या जुडीखाली लपून बाटली माझ्याकडे आली. आमचे देव बहुधा सोवळं पाळत नसावेत!

* * *

देशमुख कोल्हापूरचे. वहिनींनी तांबडा रस्सा केला. पहिल्या घासाला साहेब लाल, दुसऱ्याला घामाघूम. घाबरून वाईन घटाघटा प्यायले, तर ती आगीवर रॉकेल! शेवटी वहिनींनी त्यांच्या हातात साखरेचा डबाच दिला. बडे साहेब मांडीवर डबा घेऊन साखर खाताहेत आणि देशमुख भिंतीकडे बघताहेत!

* * *

आता आमची पाळी. मी शेजारच्या मालूमावशींना बोलावलं. त्यांचा जन्म कलकत्त्यातला, नोकरी शाळेत, आणि दचकल्या की तोंडातून बंगाली.

"दोन-तीन जातींची द्राक्षं एकत्र करून करतात ही," बाटलीवरचं लेबल वाचून मावशी म्हणाल्या.

"म्हणजे आपली भाजणीच की!"

"चाखून बघ."

"मी?"

"मग काय साहेबांवर प्रयोग करणार?"

भर दुपारी, दार लावून, खोकल्याच्या औषधाच्या चमच्याने! शंकरपाळ्याबरोबर आंबटढाण. लोणच्याबरोबर तर शी! मग मावशींनी कोथिंबीर वडीचा तुकडा तोंडात टाकला, वर चमचा.

"ओ मा!"

मीही घेतला. तळणाचा तेलकटपणा गायब, कोथिंबीर जिभेवर हिरवीगार! घरच्या मुलीने परस्पर लग्न जमवावं तसं वाटलं!

तेवढ्यात हे ऑफिसातून लवकर आले. मी चमच्यासकट दार उघडलं.

"अगं, हे काय चाललंय?"

"तुमची बदली!" मी म्हटलं.

* * *

साहेब तीच पांढरी वाईन घेऊन आले. वडी, घोट. डोळे मिटले. परत वडी, परत घोट. हे गालातल्या गालात हसताहेत, आणि मी मनाने आईच्या दारात पोचलेसुद्धा!

बाटली संपली. साहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जोशी, इतकी वर्षं ही वाईन पितोय, पण तिच्याशी असं जमणारं जेवण कुठे मिळालं नाही. तुम्हाला मी कलकत्त्यातून हलू देणार नाही! पुण्याला कुलकर्णी जातील."

ह्यांना ठसकाच लागला.

साहेब माझ्याकडे वळले. "मिसेस जोशी, आणखी वड्या आहेत?"

स्वयंपाकघरात परातभर होत्या.

"संपल्या!" मी म्हटलं.