वजन आतल्या बाजूला

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी गाडी बघून लोकांचा भलताच गैरसमज होतो. मी विलेपार्ल्याच्या एका विमा कचेरीत काम करते आणि माझ्या टेबलावर दिवसभर अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो येतात. चेपलेलं बॉनेट, काचेला पडलेलं डोक्याएवढं भोक, मागच्या सीटवर राहून गेलेली एक चप्पल. बरीच वर्षं हे बघितलं की माणूस एक तर निबर होतो, नाहीतर माझ्यासारखा होतो. मी रिक्षात बसले तरी दांडी सोडत नाही.

आणि तरीही भांडुपच्या आमच्या सोसायटीत सगळ्यात दांडगी जीप माझी. चाकं जवळजवळ माझ्या कमरेपर्यंत, त्यांवर चिखल पकडण्यासाठी रबराचे मुठीएवढे उंचवटे. वॉचमन तिला रणगाडा म्हणायचा.

ही हौस नव्हती. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यापासून आईने एकच धोशा लावला होता, मला गावी न्या. तळकोकणातलं आमचं घर मुख्य रस्त्यापासून चांगलंच आत आहे. शेवटचा तुकडा म्हणजे धोंड्यांची पाणंद आणि एक वहाळ, म्हणजे ओढा. साध्या गाडीचं पोट तिथे टेकतं, आणि उतरून चालणं आईला आता जमणारं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, न्या, पण हादरे बसता कामा नयेत. सांधा निखळला तर या वयात पुन्हा टेबलावर घेता येणार नाही. म्हणून मुलुंडच्या एका माणसाकडून ही जुनी जीप घेतली. तो सुट्टीत डोंगरात गाड्या घालणाऱ्यांपैकी होता. चाकंही त्याचीच.

घेतल्यावर कळलं की साठच्या पुढे गेलं की तिचं स्टिअरिंग थरथरतं. आधी बोटांना मुंग्या आल्यासारखं, मग मनगटापर्यंत. पाणंदीत गाडी हळूच जाणार होती, पण त्याआधी अख्खा महामार्ग आणि घाट होता. मागच्या सीटवर आडवी झालेली आई आणि माझ्या हातात हे थरथरणारं चक्र, हे चित्र सारखं डोळ्यांपुढे यायचं.

नाहूरच्या टायरवाल्याने चाक बघूनच हात वर केले. त्याच्या मशीनवर ते बसेना. "मॅडम, ये तो ट्रॅक्टर का माल है," तो म्हणाला. मग त्यानेच सुचवलं की टायरच्या आत प्लास्टिकच्या बारीक गोळ्या टाका, चाक फिरायला लागलं की त्या आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात. मी घरी येऊन हे सांगितलं.

"गोळये?" बाबा म्हणाले. "चाक काय खुळखुळो आसा?"

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर कुठे कुठे वर्कशॉपमध्ये राबले, पण स्वतःची ओळख करून देताना अजूनही गिरणीच सांगतात. "ह्येच्या दसपट वजनाचे रूळ बॅलन्स केलंय मी. तू भियातंस कित्याक?"

मी कशाला भीत नव्हते तेच विचारा. पण बाबांना नाही म्हणायची टाप आमच्या घरात फक्त आईला, आणि आईची बॅग तर दोन आठवड्यांपासून भरून तयार होती. रोज संध्याकाळी ती खिडकीतून विचारायची, "झाला काय गो चाक?" आणि मी नाही म्हटलं की, "तुमचा चाक होयसर माझी तिथी येतली."

पद्धत ऐकायला सोपी होती. चाकाच्या मध्यातून एक पाइप आरपार घालायचा आणि दोन्हीकडून लोखंडी शंकू सरकवून तो बरोबर मध्यावर आवळायचा. दोन लोखंडी घोड्यांवर दोन पट्ट्या, धार वर करून, अगदी सपाट लावायच्या आणि त्यांवर पाइप टेकवून चाक मोकळं सोडायचं. जी बाजू जड, ती आपोआप खाली येते. तिथे खडूने खूण करायची. मग त्याच्या बरोबर समोर, रिमला शिशाच्या पट्ट्या चिकटवत जायचं. चाक कुठेही थांबवलं तरी तिथेच राहिलं की झालं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये शनिवारी दुपारी हे सुरू झालं. चाळीस किलोचं ते धूड दोन पट्ट्यांवर, आणि खाली बहात्तर वर्षांच्या माणसाचे स्लिपर घातलेले पाय. मी मनातल्या मनात फोटो बघत होते. शूज घाला म्हटलं तर त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं, एकाग्रता म्हणा. चाक डुलत डुलत थांबलं की ते श्वास रोखायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही.

पुढच्या एका चाकाला अडीचशे ग्रॅम शिसं लागलं, दुसऱ्याला थोडं कमी. सगळं त्यांनी रिमच्या आतल्या बाजूला लावलं, गाडीला चढवल्यावर इंजिनाकडे येणाऱ्या. तिथे हात नीट पोचत नव्हता, दर वेळी चाकाला वळसा घालून जावं लागत होतं. बाहेरून लावा ना, मी म्हटलं. ते पुढची पट्टी घेऊन पुन्हा वळसा घालून गेले. शेवटी चाक कुठेही सोडलं तरी ढिम्म हलेना. "मापात आसा," ते म्हणाले आणि स्वतःच खूश झाले.

रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघं महामार्गावर चाचणीला निघालो. मी एकटी जाते म्हणत होते. "मी केलंय, मी बसतलंय," म्हणून ते शेजारी चढून बसले. पन्नास, साठ. हात शांत. पासष्टला मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. बाबा माझ्याकडे न बघता हसले. सत्तरला पुलाच्या सांध्यावरून चाकं गेली, धप्प असा आवाज झाला आणि स्टिअरिंग माझ्या हातांतून निसटून वेड्यासारखं डावी-उजवीकडे आपटायला लागलं.

त्याला थरथर म्हणताच येणार नाही. समोरचं सगळं दुहेरी दिसत होतं, डॅशबोर्ड खडखडत होता, अंगठ्यावर स्टिअरिंगची दांडी आपटून नख काळं पडलं ते मला नंतर दिसलं. आरशात एक टँकर. ब्रेकवर पाय गेला, इतक्यात बाबा ओरडले, "ब्रेक नको! पाय उचल! नुसता धरून ठेव!"

मी पाय उचलला. टँकर हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला. गाडी हळूहळू मंदावली, चाळीसच्या आसपास सगळं एकदम थांबलं, जणू काही झालंच नव्हतं. मिठागरांच्या बाजूला कडेला गाडी उभी केली आणि मी रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. मागच्या सीटवर आई असती तर, एवढंच डोक्यात होतं. बाबा, मी हे करू शकत नाही, मी म्हटलं. गाडी विकून टाकू या. आईला सांगू या की जमत नाही.

बाबा खाली उतरून पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मी डोळे पुसून त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले.

"चाक उडत नाय होता," ते म्हणाले. "मान हलवत होता. डावी-उजवी." मग रिममध्ये वाकून बघत, "वजन बरोबर आसा. जागा चुकली."

त्यांनी बोटाने दाखवलं. एवढं रुंद चाक, आणि सगळं शिसं एकाच अंगाला. सावकाश डुलवलं तर ते कळत नाही, वेगात मात्र ते चाकाला तिरकं ओढतं. अर्धं आत आणि अर्धं बाहेर हवं होतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ज्याने उभा जन्म हे काम केलं त्याला हे ठाऊक असणारच. मग मी चिडले. भीती ओसरली की मला हटकून राग येतो. ठाऊक होतं तर सगळं आत का लावलंत, मी विचारलं. तुमच्या हट्टापायी आज दोघं गेलो असतो.

त्यांनी चाकावरची नजर काढली नाही. गिरणीत त्यांचा एक जोडीदार होता, त्यांच्याच गावचा. एका मोठ्या पुलीला बाबांनी वजन लावलं होतं, बाहेरच्या अंगाला, बोल्टने, कारण ते सोपं होतं. पुली मापात होती. एकदम मापात, ते दोनदा म्हणाले. जोडीदार तेल घालायला वाकला आणि बोल्टात त्याच्या सदऱ्याची बाही अडकली. माणूस वाचला. हात कोपरापासून गेला. त्या दिवसापासून बाबांनी कुठल्याही फिरत्या वस्तूला बाहेरच्या बाजूला वजन लावलेलं नाही.

"माझो हात तिकडे जाणा नाय," ते म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत आहे का, ते मी अजून विचारलेलं नाही. महामार्गाच्या कडेला उभी राहून मला एकदम वाटलं की आमच्या घरात भित्री मी एकटी आहे असं मी उगाच समजत आले.

आम्ही चाळीसच्या वेगाने, डाव्या कडेने, सगळ्यांच्या शिव्या खात घरी आलो.

पुढच्या शनिवारी आईला गावी नेलं. घाटात स्टिअरिंग शांत होतं, आई मागे झोपली होती, पाणंदीत गाडी डुलत डुलत वहाळापलीकडे गेली. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच. मला आठवते ती त्या चाचणीच्या रविवारची दुपार.

बाबांनी आतलं निम्मं शिसं सोलून काढलं, रिम रॉकेलने पुसलं, कुठे लावायचं तिथे बाहेरच्या बाजूला खडूने रेघ मारली आणि पट्ट्या माझ्या हातात दिल्या. "तू लाव." मी एकेक पट्टी चिकटवून अंगठ्याने दाबली. काळं पडलेलं नख ठणकत होतं. मग चाक गाडीला चढवलं, गाडी जॅकवर उचललेलीच होती. चाक कुठे लंगडतं का ते बघायचं होतं, म्हणून त्यांनी मला रबराजवळ खडू स्थिर धरायला सांगितलं. मी घरातला जुना, सैल बाह्यांचा कुर्ता घातला होता. त्यांनी एका हाताने चाकाला जोरात फिरकी दिली आणि दुसऱ्या हाताने माझी बाही कोपराच्या वर ओढून मुठीत पकडली.

चाक जड, बराच वेळ फिरत राहिलं. शिशाच्या पट्ट्या माझ्या मनगटासमोरून पुन्हा पुन्हा जात होत्या. बाबांची मूठ थरथरत होती, बाहीबरोबर माझा दंडही हलत होता, आणि खडूची रेघ वेडीवाकडी येत होती.

"बाबा, सोडा ना, रेघ बिघडतेय."

"बिघडू दे," ते म्हणाले, आणि चाक पुरतं थांबेपर्यंत त्यांनी बाही सोडली नाही.